स्लो धरत नाही

निवृत्त माणूस घरात नेमका कुठं ठेवावा, हा प्रश्न वास्तुशास्त्रानं अजून सोडवलेला नाही. देवघर ईशान्येला, चूल आग्नेयेला, असं सगळ्यांचं काही ना काही ठरवून दिलेलं आहे. पण अडतीस वर्षं बँकेत खातेवह्या सांभाळून कायमचा घरी आलेल्या माणसाला दिशाच नाही. तो हॉलमध्ये बसला तर येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची चौकशी केल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. स्वयंपाकघरात गेला तर "काय हवंय?" हा प्रश्न "इथं काय काम आहे?" या सुरात विचारला जातो. आणि गॅलरीत उभा राहिला तर समोरच्या बिऱ्हाडाला वाटतं, हा आपल्यावर पाळत ठेवून आहे.

मला निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. पण पहिल्या महिन्यातच आमच्या हिनं माझं निदान करून टाकलं होतं. त्या दिवशी सकाळी मी फडताळातले डबे आकारानुसार लावले, दुपारी ते रंगानुसार लावले आणि संध्याकाळी, साखर सापडेना म्हणून, ते असे कोणी लावले यावरून घर डोक्यावर घेतलं. हिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही स्लो धरत नाही आहात."

बाहेरच्या माणसाला या वाक्याचा अर्थ लागणार नाही. आमच्या घरात मात्र तो पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतो. हे वाक्य आमच्याकडं आलं १९८६ साली, आणि आलं ते एका डिझेल व्हॅनमधून.

झालं असं, की आमचे अण्णा १९८५ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. गणित आणि शास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. शाळा चालू होती तोवर त्यांचा आवाज सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच एका पट्टीत लागलेला असायचा आणि उरलेल्या वेळात घरी शांतता नांदायची. निवृत्तीनंतर सगळं बिनसलं. रोज दहा वाजून चाळीस मिनिटांनी ते उठायचे, कोट घालायचे, टोपी चढवायचे, उंबऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे. मग वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करायचे. दुधाचं माप घ्यायचे. आमटी खारट झाली तर आईकडं नजर अशी टाकायचे, की लेखी खुलासा हवा आहे. तासभर शांत, मग एकदम आवाज, मग पुन्हा शांत. आई म्हणायची, "शाळा होती तोवर बरं होतं. कामात असले की माणूस सोन्यासारखा."

त्याच सुमारास आमच्या धाकट्यानं, म्हणजे बाळनं, बी.कॉम.च्या परीक्षेचा नाद दुसऱ्यांदा सोडला आणि धंदा करायचं ठरवलं. अण्णांनी फंडातले अठरा हजार काढून दिले, बाकीचे पतपेढीनं दिले आणि दारात एक जुनी डिझेल व्हॅन येऊन उभी राहिली. त्या काळी कोल्हापुरात व्हॅन कुठल्याही कंपनीची असो, लोक तिला मॅटॅडोरच म्हणत. सकाळ-संध्याकाळ सोळा पोरांना शाळेत नेणं-आणणं आणि मधल्या वेळात लग्नाची वऱ्हाडं, मांडवाचं सामान, वांग्याच्या पाट्या, मिळेल ते. पैसे देताना अण्णा एवढंच म्हणाले होते, "हिशेब ठेव." त्यानंतर बापलेकांत या विषयावर एक अक्षरही बोलणं झालं नाही. आमच्या घरात प्रेमाची हीच रीत होती.

पाच-सहा महिने गाडी उत्तम चालली. मग तिला तो रोग लागला.

रस्त्यावर पळताना काही तक्रार नाही. पण चौकात थांबली, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की सुरू. ढग्-ढग्-ढग् असं चालता चालता आवाज एकदम खाली जायचा. गाडीला हुडहुडी भरायची. पत्रा, आरसा, मागची पोरं, सगळं थडथडायचं. मग आवाज आपल्या मनानं वर चढायचा, इतका की वाटावं कोणी तरी पाय दाबला, आणि पुन्हा खाली. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला गाडी राम म्हणायची. पोरांनी याचा खेळ केला होता. आवाज खाली गेला की सगळी एका सुरात "गेली, गेली, गेली" म्हणायची आणि वर आला की "आली!" त्यांच्या पालकांना मात्र या खेळात रस नव्हता. शाळेची घंटा चुकायला लागली तशी एकानं पोर काढून घेतलं, मग दुसऱ्यानं. सोळाची बारा झाली.

गॅरेजच्या भाषेत या आजाराला म्हणतात, गाडी स्लो धरत नाही.

निदान करायला पहिला मी पुढं झालो. थोरला भाऊ म्हणून तो मानच होता. मी म्हटलं, "बाळ, प्लग काढून साफ कर."

बाळ म्हणाला, "दादा, डिझेलला प्लग नसतो. हीटर असतो, तो पण फक्त सकाळी."

तेव्हापासून मी डिझेल इंजिनाविषयी सगळं वाचून काढलं. अपमान हा शिक्षणाचा पाया आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पेट घेववते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. त्यात हवाच इतकी दाबतात, वीस-एकवीस पट, की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. त्यांचं इंजिन ऑग्सबुर्ग गावी १८९७ साली यशस्वी ठरलं आणि १९१३ साली इंग्लंडला निघालेल्या जहाजावरून ते गृहस्थ एका रात्री नाहीसे झाले. यावर पुष्कळ तर्क आहेत. जहाज वाफेवर चालणारं होतं, नाही तर मी म्हटलं असतं की त्याचं इंजिन स्लो धरत नसावं आणि सगळे उतारू यांच्याकडं बघत असावेत.

माझ्यानंतर जाणकारांची पाळी आली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनाचं कुठलं काम होत नाही असं नाही. पण डॉक्टरांत जसे कानाचे वेगळे आणि नाकाचे वेगळे, तसेच मिस्त्रीही. पंपवाल्या मिस्त्रींनी दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाले, "पंप खाल्लाय बघा. कॅलिब्रेशनला टाकूया की." पंप उतरला, बेंचवर फिरला, साडेआठशे रुपये झाले आणि पंप परत गाडीवर चढला. गाडी तशीच. मग नोझलवाले. ते म्हणाले, "नोझल मुत..." तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या एका शाळकरी पोराकडं गेलं आणि त्यांनी वाक्य सुधारून घेतलं, "म्हणजे आपलं, थेंब थेंब गळतंय." चार नोझल झाली. गाडी तशीच. टॅपेटवाल्यांनी टॅपेट लावून दिले. फौंडेशनवाले म्हणाले, इंजिनाखालचे रबर बसलेत, म्हणून गाडी हलते. रबर बदलले. आता गाडी हलायची कमी, पण बंद पडायची तेवढीच. एकानं सांगितलं, डिझेलात रॉकेल मिसळलंय, पंप बदला. समोरच्या काकूंनी लिंबू-मिरची बदलायला सांगितली. खर्चाच्या मानानं मला तोच इलाज शास्त्रीय वाटला.

यात कोणी लबाडी केली असं मुळीच नाही. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. ज्याला जे हत्यार येत होतं, त्याला त्या हत्याराचा रोग दिसला, एवढंच. गाडीचं सगळं दुरुस्त झालं, रोग तेवढा राहिला.

सव्वीसशे रुपये गेले. इकडं पतपेढीचे हप्ते थकायला लागले. हे मला माहीत होतं, कारण दोन हप्ते मीच गुपचूप दिले होते. अण्णांना सांगायची बाळची हिंमत होत नव्हती. तो पहाटे अण्णा उठायच्या आत घराबाहेर पडायचा आणि रात्री ते झोपल्यावर यायचा. जेवण झाकून ठेवलेलं असायचं. घरात भांडण म्हणाल तर नव्हतं. आवाज नाही, आदळआपट नाही, उणा शब्द नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती गुण्यागोविंदानं नांदतंय हे कुटुंब! आणि अण्णांचे हेलकावे मात्र वाढत चालले होते. एके दिवशी त्यांनी घड्याळाला किल्ली देण्यावरून आईला इतकं सुनावलं, की घड्याळच बंद पडलं.

शेवटी बाळनं गाडी विकायला काढली. रविवारी गिऱ्हाईक आलं. त्यानं टायर बघितले, पत्रा बघितला, खूश झाला. मग म्हणाला, "चालू करून जरा स्लोवर ठेवा की." गाडीनं दोन हेलकावे दिले आणि तिसऱ्याला मान टाकली. गिऱ्हाईक म्हणालं, "नऊ हजार देतो. वजनावर." आणि निघून गेलं.

अण्णा ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होते. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा बाळला प्रश्न विचारला, "केव्हा?"

"काय केव्हा?"

"केव्हा बंद पडते?"

"कधीही पडते, अण्णा."

"कधीही असं काही नसतं," अण्णा म्हणाले, "वही आण."

त्या दिवसापासून आठवडाभर अण्णा गाडीत बसले. दहा चाळीसला घालायचा कोट सकाळी सहालाच अंगावर चढला. वहीत रकाने आखलेले: वेळ, जागा, चढ की उतार, टाकीत डिझेल किती, किती वेळ उभी होती, किती हेलकावे. कोट-टोपीतले साक्षात मुख्याध्यापक पुढं बसलेले पाहून पोरांनी "गेली, गेली" म्हणणं बंद केलं, तर अण्णा मागं वळून म्हणाले, "थांबलात का? मोठ्यानं मोजा. मला आकडा हवाय."

आठवड्यानं वहीनं चार गोष्टी सांगितल्या. एक, टाकी भरली की दोन दिवस गाडी बरी असते, निम्म्याखाली गेली की बिघडते. दोन, तोंड चढाला करून उभी केली की जास्त बिघडते. एकदा पन्हाळ्याच्या चढाला उभी केली, तर एक मिनिटसुद्धा धरली नाही. तीन, रात्रभर उभी राहिली की सकाळी हातपंप वीस-पंचवीस वेळा मारल्याशिवाय सुरू होत नाही. आणि चार, गाडीखाली रात्री वर्तमानपत्र पसरून ठेवलं, शुद्धलेखन तपासलेलं, तर सकाळी ते कोरडं ठक्क. डिझेलचा एक थेंब नाही.

ही वही घेऊन अण्णा पंपवाल्या मिस्त्रींकडं गेले. त्यांनी वही आदरानं दोन्ही हातांनी धरली आणि उलटी वाचली. म्हणाले, "मास्तर, थेंब न्हाई म्हंजे लाइन ओके हाय. एअर घेत असती तर गळली असती की."

अण्णांनी बाळला पिटाळून समोरून एक शहाळं आणि दोन नळ्या मागवल्या. एका नळीला टाचणीनं भोक पाडलं आणि ती मिस्त्रींच्या हातात दिली. "ओढा." मिस्त्रींनी ओढलं. फुर्र फुर्र आवाज आला, पाणी काही धड वर येईना. "आता सांगा, पाणी भोकातून बाहेर सांडलं का?"

मिस्त्रींनी नळीकडं बघितलं, मग गाडीकडं बघितलं. "आयला," ते म्हणाले, आणि मग, "माफ करा, मास्तर."

मुद्दा असा होता. गाडीची टाकी खाली, पंप वर. टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ढकलत नाही, ओढते. ढकलणारी नळी फुटली की गळते, गवगवा होतो, जमिनीवर डाग पडतो, कोणालाही दिसतं. ओढणारी नळी फुटली तर बाहेर काही येत नाही, गुपचूप हवा आत जाते. टाकी रिकामी किंवा चढ असला, की ओढावं जास्त लागतं, म्हणून हवाही जास्त. आणि रात्री त्याच भोकातून हवा शिरते, नळीतलं डिझेल टाकीत परत उतरून जातं, म्हणून सकाळी हातपंप.

पण तर्क झाला म्हणजे सिद्धता झाली असं अण्णा मानत नसत. प्रयोग हवाच. शेजारच्या डॉक्टरांकडं सलाईनची नळी मागितली. ती बारीक पडली, तेव्हा त्यांनी दुसरी एक जाडसर पारदर्शक नळी काढून दिली. ती माणसाच्या शरीरात कुठं घालतात, हे अण्णांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. मग गाडीच्या टपावर डिझेलचा डबा ठेवला, त्यातून ती नळी थेट पंपाला जोडली, हवा काढली आणि गाडी सुरू केली. डबा वर, पंप खाली, ओढाओढीचा प्रश्नच नाही. आळीतली पोरं जमली. एकानं विचारलं, "आजोबा, गाडीला काय झालंय?"

"सलाईन लावलंय," अण्णा म्हणाले, "गलका करू नका."

ढग्-ढग्-ढग्-ढग्. एका लयीत. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. ना हेलकावा, ना हुडहुडी. म्हणजे पंप चांगला, नोझल चांगली, टॅपेट चांगले. सव्वीसशे रुपयांची सगळी दुरुस्ती उत्तम झालेली होती. फक्त ती लागत नव्हती.

मग अण्णांनी डबा काढला, गाडीची स्वतःची लाइन परत जोडली आणि मध्ये ती पारदर्शक नळी घातली. आता नळीत बुडबुडे दिसायला लागले. लहान, गोल, प्रार्थनेला निघालेल्या पोरांसारखे रांगेनं येत होते. अण्णा मनगटावरच्या घड्याळात बघून मोजत होते. जरा मोठा बुडबुडा गेला, की काही सेकंदांनी इंजिन ठेचकाळायचं.

"पण अण्णा," मी विचारलं, "एवढ्याशा बुडबुड्यानं एवढं मोठं इंजिन कसं बंद पडेल? आणि पळताना कसं काही होत नाही?"

अण्णांनी वहीचं मागचं पान काढलं. स्लोवर इंजिन मिनिटाला साडेसातशे फेरे घेतं. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन फेऱ्यांत एकदा डिझेल. म्हणजे मिनिटाला दीड हजार फवारे. तासाला डिझेल लागतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं ते मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. "पळताना याच्या चौपट-पाचपट डिझेल जातं," अण्णा म्हणाले, "त्यात मोहरीएवढी हवा खपून जाते. स्लोवर मुळात खुराकच दोन दाण्यांचा. त्यातला एक दाणा हवेचा निघाला, की संपलं. इंजिन मंदावतं. मग गव्हर्नर घाबरून डिझेल वाढवतो, तेवढ्यात चांगलं डिझेल येतं, इंजिन उधळतं, मग तो आखडतं घेतो, तोवर पुढचा बुडबुडा."

इंजिनातल्या गव्हर्नरचं काम आईसारखं असतं. पोर एक घास कमी जेवलं की दुसऱ्या ताटात दोन पोळ्या जास्त. त्या बिचाऱ्याची चूक काहीच नसते.

आई दारात उभी राहून हे ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे पळत असताना कळत नाही, बसून राहिल्यावर कळतं, असंच ना? मी वर्षभर दुसरं काय सांगतेय?" आणि आत निघून गेली. अण्णांनी वहीत काही तरी लिहिल्यासारखं केलं.

आता भोक शोधायचं होतं. ते काम माझ्याकडं आलं, कारण मी सगळ्यांत बारीक होतो आणि बँकेला सुट्टी होती. विजेरी घेऊन मी गाडीखाली शिरलो. अण्णांनी सांगितल्याप्रमाणं पारदर्शक नळी एकेक जोड मागं सरकवत नेली. बुडबुडे जिथून पुढं दिसतात आणि जिथून मागं दिसत नाहीत, त्या दोन जागांच्या मध्ये रोग. टाकीजवळ एका क्लिपखाली रबरी नळीला केसाएवढी चीर सापडली. वरून पाहिलं तर नळी ठणठणीत. वाकवली की चीर उघडायची, सोडली की मिटायची.

दोन फूट रबरी नळी आणि दोन क्लिपा. साडेअकरा रुपये. बाळनं नळी बसवली, मिस्त्रींनी हातपंप मारून हवा काढली आणि गाडी सुरू झाली. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, ते शहाळं मी पाजायला पाहिजे होतं," आणि मजुरी न घेता सायकलवर टांग टाकून गेले. क्लिप नीट आवळली आहे ना, हे बघायला मी पुन्हा खाली शिरलो होतो. बाळ आणि अण्णा वर पुढच्या दोन सीटांवर बसून इंजिन ऐकत होते. ढग्-ढग्-ढग्. दहा मिनिटं झाली तरी कोणी ते बंद करेना.

मग बाळचा आवाज आला. "अण्णा, तीन हप्ते थकलेत."

"ठाऊक आहे."

"दादानं सांगितलं?"

"नाही."

"मग?"

"घरात कुठं काही गळत नव्हतं," अण्णा म्हणाले, "तेव्हाच कळलं."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मला खालून दोघांचे पाय तेवढे दिसत असते तर बरं झालं असतं, तेही दिसत नव्हते. माझ्या नाकावर वंगणाचा एक थेंब पडला. तो पुसायला हात हलवला असता तर आवाज झाला असता, म्हणून मी तसाच पडून राहिलो.

"सांगायचं नाही का मला?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंच नाही. मला वाटलं, रागावलाय. अठरा हजार बुडाले म्हणून."

"अरे, पैशाचं काय! तू समोरच येईनास. मला वाटलं, आता याला आपलं काही कामच नाही."

इंजिन चालू होतं. इंजिन चालू असलं की एक बरं असतं, माणसाला गळा साफ करता येतो.

मग अण्णा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "थोरल्याला म्हणावं, आता बाहेर ये. क्लिप एवढा वेळ आवळत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज गाडीत बसायला लागले. वहीचं काम संपलं होतं, पण ते कोणी त्यांना सांगितलं नाही. जाताना पाढे, येताना शुद्धलेखन. महिन्याभरात गेलेली चार पोरं परत आली आणि वर आणखी तीन आली, कारण या गाडीतून जाणाऱ्या पोरांना तेवीसाचा पाढा येतो अशी बातमी पसरली होती. हप्ते फिटले. घरातले डबे जागच्या जागी राहायला लागले. आई कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, "यांनी आता स्लो धरलाय." ती व्हॅन आमच्याकडं १९९७ पर्यंत चालली. अण्णा तिच्यानंतरही पुष्कळ वर्षं.

तर हे सगळं आमच्या हिला माहीत होतं, म्हणून तिनं मला ते वाक्य ऐकवलं. मी रागावलो नाही. अण्णांची ती वही माझ्याकडं आहे. मी तिचं एक कोरं पान काढलं, रकाने आखले आणि चार दिवस स्वतःची नोंद ठेवली. निष्कर्ष असा निघाला, की सकाळी मी बरा असतो, दुपारी बरा असतो आणि रात्री पुण्याहून मुलाचा फोन येऊन गेला की बिघडतो. फोनवर भांडण नसतं. "जेवलात का?" "जेवलो." "गोळ्या घेता ना?" "घेतो." "आराम करा." थेंबभरसुद्धा गळत नाही.

मी हिला वही दाखवली. म्हटलं, "तो घर घेतोय. कर्ज काढतोय. अडतीस वर्षं मी दुसरं काय केलं? पण मला एका शब्दानं विचारलं नाही त्यानं."

"तुम्ही त्याला सांगितलंत का, विचार म्हणून?"

"मी कशाला सांगू?"

ही काही बोलली नाही. फक्त वहीतलं शहाळ्याच्या चित्राचं पान उलटून माझ्यासमोर ठेवलं.

त्या रात्री मी आपण होऊन फोन लावला. विचारलं, "कर्जाचे कागद नीट वाचलेस का?" पलीकडं क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "बाबा, मीच विचारणार होतो. पण म्हटलं, आता कुठं तुम्हाला आराम मिळालाय." पुढं पाऊण तास आम्ही व्याजदरावर बोललो. त्यातला बराच वेळ तर आम्ही भांडत होतो.

फोन ठेवला आणि फडताळ उघडून डबे पुन्हा आकारानुसार लावले. अजून ते तसेच आहेत.